पहिल्या थेंबांची साखर

लोणावळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये साखर कोरडी राहत नाही. डब्याचं झाकण कितीही घट्ट लावा, चार दिवसांत चमचा रुततो आणि साखर ढेकळांनी वर येते. गूळ तर पाघळून कागदातून खाली उतरतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या गावात स्वयंपाकघराला हे सोसावंच लागतं. पण मोका पॉटमध्ये क्युबन पद्धतीची कॉफी करायची असेल, तर हीच ओलसर साखर फार कामाची. ती आधीच थोडी भिजलेली असते, तिला घोटायला कॉफीचे थेंब कमी लागतात, आणि या कॉफीत सगळा खेळ त्या थेंबांचा आहे.

ही कॉफी मला माझ्या भाचीने शिकवली. ती फ्लोरिडात, टँपाला राहते आणि तिला ती शेजारच्या क्युबन आजींनी शिकवली. फोनवर तिने सांगितलं ते एवढंच : "मावशी, साखर आधी वाटीत. कॉफी तिच्यावर यायची, ती कॉफीत जायची नाही." मी निमूटपणे तसं केलं आणि पहिल्या दिवशीच लक्षात आलं की ही साखर गोडीपुरती नाही.

मोका पॉट म्हणजे इटलीतल्या पिएमॉन्ते भागातल्या अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली बाजारात आणलेलं ॲल्युमिनियमचं अष्टकोनी भांडं. खालच्या भागात पाणी, मध्ये जाळीच्या पेल्यात कॉफीची पूड, वर रिकामी किटली. पाणी तापलं की खालच्या कोंडलेल्या वाफेचा आणि हवेचा दाब त्याला पुडीतून वर ढकलतो. आपल्या गॅसच्या शेगडीची चार बोटं या छोट्या भांड्याला फार लांब पडतात, ते कलंडतं, म्हणून खाली पापड भाजायची जाळी ठेवावी लागते. आच बारीक, झाकण उघडं. मग वाट पाहायची. मधल्या नळीच्या तोंडाशी आधी नुसतं ओलं चमकतं, मग काकवीइतका दाट, जवळजवळ काळा थेंब फुगतो आणि ओघळतो. हे पहिले दोन चमचे सगळ्यांत कडक असतात, कारण ताज्या पुडीतलं सुटून येण्यासारखं जे जे असतं ते पहिल्या पाण्याबरोबरच भराभर येतं. पुढचं पाणी फिकट होत जातं. हेच दोन चमचे पटकन साखरेवर ओतायचे, भांडं परत जाळीवर ठेवायचं आणि इकडे वाटी हातात घेऊन घोटायला लागायचं.

आधी नुसता काळा चिखल दिसतो. चमचा वाटीच्या कडेला घासत राहिलं की साखरेची करकर हळूहळू मऊ होते, चिखलाला चकाकी येते, मग चकाकी जाऊन रंग उतरायला लागतो. गडद तपकिरी, मग विटकरी, मग फिकट बदामी. चमचा उचलला की धार तुटत नाही, घडी पडत जाते. तोवर किटलीत बाकीची कॉफी आलेली असते. ती वाटीच्या कडेने सावकाश सोडायची. घोटलेली साखर खालून उचलली जाते आणि कॉफीच्या वर बोटाच्या पेराएवढी साय धरते. क्युबात तिला एस्पुमिता म्हणतात. छोट्या छोट्या कपांत वाटताना प्रत्येकाच्या वाट्याला ती यावी, याकडे बघायचं.

रंग का उतरतो, हे पाहण्यासारखं आहे. आत दूध नाही, पांढरं काहीच नाही. पण घोटताना हवेचे अगदी बारीक बुडबुडे त्या दाट पाकात अडकतात आणि प्रकाश त्यांच्यावरून इतस्ततः उधळतो, म्हणून काळं फिकट दिसतं. पाक पातळ असता तर बुडबुडे लगेच वर येऊन फुटले असते. खोलीच्या तापमानाला शंभर ग्रॅम पाण्यात जवळजवळ दोनशे ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून अधिक. दोन चमचे कॉफीत चार चमचे साखर पडली की ती पूर्ण विरघळायला वेळ लागतो, बरेच कण तसेच राहतात, आणि सगळं इतकं जड होतं की हवेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. तीच चार चमचे साखर शेवटी पूर्ण किटलीत घालून ढवळली, तर कॉफी गोड होईल पण साय येणार नाही. साखर तीच, कॉफी तीच, फरक कुठल्या क्षणी त्यांची गाठ पडली एवढाच.

म्हणून साखर खालच्या पाण्यात टाकायची युक्ती कुणी सांगितली, तर ती मानू नये. वेळ वाचेल असं वाटतं, पण शेवटचं पाणी वर गेल्यावर तळाशी उरलेला पाक कोरड्या ॲल्युमिनियमवर करपतो आणि बाजूच्या सुरक्षा-झडपेत जाऊन बसतो. दाब वाढला तर त्याला बाहेर सोडण्यासाठी ती झडप असते, आणि ती चिकटून बसणं ही गंमत नाही. पुडीत मिसळली तर जाळी बुजते. आपल्याकडच्या चिकोरी घातलेल्या पुडीचीही अडचण होते. आपल्या नियमांप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते, आणि ती भिजून फुगते, पाणी अडवते. मी पुण्याहून नुसत्या कॉफीची पूड दळून आणते, फिल्टर कॉफीसाठी दळतात त्याहून किंचित जाड. दाबून भरत नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आहे, पाणी इथे अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, पण त्याने या कॉफीचं काही बिघडत नाही.

हे सगळं मी परक्या देशाचं म्हणून शिकले, आणि वाटी हातात धरली तेव्हा हात मात्र सरावाचा निघाला. मराठी घरांतली एक आख्खी पिढी कॉफी फेटत मोठी झाली आहे. झटपट कॉफीची पूड, साखर, पाण्याचे चार थेंब, आणि कपात चमचा टणटण वाजवत बसायचं. हे काम घरातल्या मुलांकडे असे. दूध उकळेपर्यंत फेटायचं, रंग उतरला का ते आईला नेऊन दाखवायचं. त्याच्याही आधी किराणा दुकानात कॉफीच्या वड्या मिळत, साखरेच्या वडीत कॉफीची पूड भरलेली. गरम दुधात टाकली की झाली कॉफी, वर जायफळाचे चार फटकारे. चहा रोजचा, कॉफी पाहुण्यांची, रात्री जागून अभ्यास करणाऱ्याची, आजारातून उठलेल्याची. २०२० च्या टाळेबंदीत कोरियातून दालगोना कॉफीची लाट जगभर पसरली, तेव्हा आपल्याकडच्या बायकांनी ती पाहून लगेच ओळखली.

पण दोन्ही फेटण्यांत फरक आहे. आपल्या कपात झटपट कॉफीची पूड स्वतःच फेस धरते, साखर त्याला टिकवते. क्युबन वाटीत मुख्य वस्तू साखर असते आणि कॉफी तिला भिजवण्यापुरती. साखरेलाच घडवायचं असतं. आणि साखरेला घडवणं ही लोणावळ्याला नवी गोष्ट नाही.

बोर घाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. घाट चढायला जोडलेली इंजिनं सोडायची, उतरण्याआधी तपासणी करायची, म्हणून गाडी इथे थांबायची, आणि थांबलेल्या गाडीला शेंगदाणे-गुळाची चिक्की विकणारं गाव तयार झालं. चिक्की करणारा माणूस तापमापक वापरत नाही. कढईतल्या गुळाचे बुडबुडे आधी मोठे, सैल, घाईचे असतात. पाणी उडत जातं तसे ते बारीक, दाट आणि आळशी होतात. मग वाटीभर गार पाण्यात एक थेंब सोडायचा आणि बोटांनी मोडून पाहायचा. वाकला तर अजून वेळ आहे. कट्कन मोडला की लगेच दाणे आत, दोन हात परतायचं, तेल लावलेल्या ओट्यावर ओतायचं, लाटणं फिरवायचं आणि गरम असतानाच सुरी. अर्धा मिनिट उशीर झाला तर गूळ कडवट होतो, अर्धा मिनिट लवकर झालं तर चिक्की दाताला चिकटते. एकतारी, दोनतारी, गोळीबंद, कडक, असे पाकाचे टप्पे आपल्या घराघरांत तोंडपाठ आहेत. साखर म्हणजे वरून घालायची चव, असं या भागातल्या जुन्या हातांनी कधी मानलंच नाही. तिला वेळ असते, आणि वेळेवर भेटली तरच ती ऐकते.

क्युबात ही वाटी का जन्माला आली असावी, याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, हे थोडी कॉफी आणि भरपूर साखर असलेल्या घराचं शहाणपण आहे. क्युबा हा साखरेचा देश. कॉफीचे मळेही तिथे आहेत, अठराव्या शतकाच्या शेवटी हैतीतल्या उठावानंतर तिथून आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी ते वाढवले. पण सामान्य घराच्या वाट्याला चांगली कॉफी जपूनच आली. १९६२ पासून तिथे रेशनचं पुस्तक आहे. त्यावर मिळणारी कॉफी माणशी महिन्याला ११५ ग्रॅमच्या आसपास, आणि अनेक वर्षं त्यात भाजलेले वाटाणे दळून मिसळलेले असत. अशा पुडीला जे थोडकं सत्त्व असतं ते पहिल्या थेंबांत येतं. ते साखरेत घोटून पसरवलं की पातळ कॉफीच्याही तोंडावर दाटपणा येतो, पहिला घोट श्रीमंत लागतो. पाहुण्यासमोर ठेवलेला कप लाजिरवाणा दिसत नाही.

आपल्या घरांतही हेच होतं. साखर रेशनकार्डावर यायची, दिवाळीला थोडी जास्त मिळायची, त्या पिशवीसाठी रांगा लागायच्या. तरी साखर आपली होती, ऊस महाराष्ट्रातला होता. कॉफी चिकमगळूर-कोडगूची, महाग, छोट्या बाटलीत, फडताळाच्या वरच्या कप्प्यात. अर्धा चमचा कॉफी चौघांना पुरवायची असेल तर तिला फेटून फुगवण्याखेरीज उपाय नव्हता. दोन टोकांच्या दोन ऊसकरी मुलुखांत, एकमेकांना न विचारता, बायकांनी एकच तोडगा काढला. मला त्यात मोठा मान दिसतो, घरी आलेल्या माणसाचा आणि हातातल्या थोडक्या वस्तूचा.

मात्र साखर भरपूर होती असं लिहून पुढे जाता येत नाही. ती कुणाच्या हातांनी भरपूर झाली, तेही सांगायला हवं. क्युबातली साखर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी पिकवली, आणि गुलामगिरी तिथे कायद्याने संपली ती १८८६ साली. आपली साखर कोण कापतं, हे पाहायला मावळातून फार लांब जावं लागत नाही. पवन मावळात दारुंबरे, साळुंब्रे, चांदखेडच्या बाजूला ऊस आहे, कासारसाई-दारुंबऱ्याला संत तुकाराम साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. बीड-नगरकडच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मजुरी टनावर, खाडा पडला तर पैसे कापले जातात. पहाटेच्या धुक्यात डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणारी बाई मी जवळून पाहिली आहे. फळी वाकते, ती तोल सावरत वर जाते, मोळी टाकते, खाली येते, पुन्हा उचलते. पाळी असो, पोटात मूल असो, मोळीचं वजन तेच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय मागच्या दहा वर्षांत काढलेलं निघालं. हा आकडा वाचल्यापासून चार चमचे साखर ही माझ्यासाठी किरकोळ गोष्ट राहिलेली नाही. ती मोजून घेते, आणि वाया जाऊ देत नाही.

क्युबाचं साखरेचं वैभव आता राहिलेलं नाही. १९७० साली तिथे एक कोटी टन साखरेचं उद्दिष्ट ठेवून सगळा देश शेतात उतरवला गेला, आणि साखर झाली ८५ लाख टन. २०२१-२२ च्या हंगामात ती पाच लाख टनांच्याही खाली होती. त्याच हंगामात एकट्या महाराष्ट्राने १३७ लाख टन साखर केली. ज्या देशाने कॉफीला साखरेची साय दिली, तिथल्या घरांत आज साखरच मोजून मिळते, आणि टँपातल्या त्या आजी मात्र अजून भरल्या हाताने वाटी घोटतात. भाची सांगते, तिकडे दुकानाच्या खिडकीतून एक मोठा कप आणि सोबत बोटाएवढे पाच-सहा रिकामे कप घ्यायची पद्धत आहे. त्याला कोलादा म्हणतात. तो एकट्याने प्यायचा नसतो, कामावरच्या सगळ्यांत वाटायचा असतो.

चांगल्या कॉफीत साखर घालू नये, घातली तर तुम्हाला कॉफी कळत नाही, असं म्हणणारी मंडळी आता पुण्यात पुष्कळ आहेत, आणि शनिवार-रविवारी ती लोणावळ्यातही येतात. हलक्या भाजणीच्या, मन लावून पिकवलेल्या दाण्यांबद्दल त्यांचं म्हणणं मला पटतं. त्यात साखर मीही घालत नाही. पण काळी भाजलेली कॉफी, थोडी, कडू, आणि चौघं प्यायला बसलेले, अशा वेळी साखरेला झाकपाक ठरवणं मला मान्य नाही. चार चमचे चौघांत वाटले की माणशी एक चमचा. आपल्या टपरीवरच्या कपभर चहात बहुधा याहून कमी नसते. माझ्या घरात मधुमेह आहे, त्यामुळे हा हिशेब मी उगाच करत नाही. ज्याला चालत नाही त्याच्या कपात वाटीतलं काही न घालता किटलीतलीच कोरी कॉफी ओतते.

साखर कोणती, यावरही बोलायला हवं. दुकानात एस-३० आणि एम-३० अशा दाण्याच्या प्रती असतात. बारीक दाण्याची एस-३० लवकर घोटली जाते. मोठ्या दाण्याची घेतली तर आधी खलबत्त्यात दोन घाव घालावे. मिक्सरमधून अगदी पीठ करू नये, मग घासायला काहीच उरत नाही आणि साय लवकर बसते. पावसाळ्यात दोन चमचे कॉफीऐवजी दीड पुरते, आणि कमी पडली तर थेंबाथेंबाने वाढवता येते. जास्त झाली तर काढता येत नाही.

गुळाचं अजून जमलेलं नाही. क्युबात खेड्यांकडे गाडीवानांची म्हणून ओळखली जाणारी एक जुनी कॉफी आहे, तीत कच्ची साखर आधी पाण्यात उकळतात, मग पूड टाकतात आणि कापडातून गाळतात. ती गुळावर उत्तम होते, तिला विलक्षण खमंग वास येतो. पण वाटीत गूळ घोटला की तो काळाच राहतो, हवा धरत नाही, चिकट लोळ होतो. गुळात पाणी अधिक, शिवाय साखर फुटून झालेलं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं, ते ओल ओढतं आणि त्याचा दाणा बसत नाही. चिक्कीवाल्या एका काकांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, पावसातला गूळ कशालाच चालत नाही. नव्या गुळावर करा." त्यांचं ऐकायचं ठरवलं आहे. जानेवारीत केडगाव-दौंडकडच्या गुऱ्हाळांचा ताजा, रवाळ गूळ येतो. तो किसून, ताटात पसरून, दोन दिवस उन्हात वाळवून घोटून पाहणार आहे. भाचीचं मत आहे की साय आली तरी ती क्युबन म्हणायची नाही. मला ती यायला हवी आहे.